वजन वाढलं की वाफसा बदलतो



आमच्या विहिरीकडच्या तुकड्यात दोन पट्टे आहेत. कधीही या, न सांगता दिसतील. लावण असो नाहीतर खोडवा, तिथला ऊस बाकीच्यापेक्षा वीतभर बुटका. पाणी पाजलं की शेजारच्या सऱ्या संध्याकाळपर्यंत पिऊन घेतात, तिथं दुसऱ्या दिवशी दुपारीही पाणी साचलेलं. सहा वर्षं झाली.

त्या साली जानेवारीत तोड आली आणि दुसऱ्याच रात्री अवकाळी पाऊस पडला. अर्धा ऊस तुटून सरीत पडलेला. टोळी चार दिवस बसून होती. पाचव्या दिवशी मुकादम म्हणाला, "मालक, आज भरलं नाही तर टोळी पुढच्या गावाला हलणार." वडिलांनी वाकून मूठभर माती उचलली. मुठीत दाबली, लाडू झाला. अंगठा लावला, फुटला. म्हणाले, "वाफसा आलाय. घ्या आत."

ट्रॅक्टर आत आले, दोन-दोन ट्रॉल्या भरून बाहेर गेले. एकही चाक रुतलं नाही. जेमतेम दोन बोटं माग उमटला. आम्ही खूश.

खोडव्यात ते दोन पट्टे उमटले. पहिल्यांदा वाटलं हुमणी असेल. मग वाटलं खत कमी पडलं. शेवटी पहार घेऊन खड्डा काढला. वरची वीतभर माती भुसभुशीत, तिच्याखाली फरशीसारखा थर. उसाच्या मुळ्या तिथपर्यंत सरळ आल्या होत्या आणि मग आडव्या पळाल्या होत्या.

वडील अजून म्हणतात, "मी माती बघितली होती रं." बघितली होती, हे खरंच आहे. मग चुकलं कुठं? हे शोधता शोधता मी जाऊन पोचलो स्वीडन-जर्मनीच्या जंगलात. नवल वाटेल, पण ओल्या जमिनीवर जड यंत्र घातलं की काय होतं याचा मोठा अभ्यास लाकूडतोडीच्या यंत्रांमुळे झालाय. आपण शेतालाही रान म्हणतो आणि जंगलालाही. दोन्ही रानांची गोष्ट एकच निघाली. ती सलग सांगतो.

गोठलेली जमीन, हाच त्यांचा वाफसा

स्वीडन, फिनलंडच्या उत्तरेकडच्या जंगलात पूर्वी झाडं हिवाळ्यात तोडायचे. कुऱ्हाड, करवत आणि घोडा. ओंडके बर्फावरून घसरगाडीने नदीकाठी आणून ठेवायचे आणि वसंतात बर्फ वितळून नदीला पाणी आलं की त्यात सोडून द्यायचे. हिवाळा निवडण्यामागं घसरगाडी सोपी जाते हे एक कारण आणि त्या दिवसांत शेतीची कामं नसत हे दुसरं. पण त्यातून जमिनीचंही आपोआप भलं होत होतं. गोठलेली जमीन दगडासारखी, वर बर्फाची गादी आणि ओझं किती, तर घोडा ओढेल तेवढंच.

आपल्याकडे बैलगाडी होती तोवर असंच होतं. टायरच्या गाडीत दीड-दोन टन ऊस. त्याहून जास्त भरला तर बैलच मान टाकणार. जनावराची ताकद हीच जमिनीची राखण होती. आपल्या आजोबा-पणजोबांनी मूठ दाबून वाफसा ओळखायची जी रीत बसवली, ती या वजनावर बसवली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुठीतल्या मातीचं शास्त्र

ही मूठ दाबायची रीत शास्त्रात आणली ती स्वीडनमधल्याच एका माणसाने. आल्बर्ट आटरबर्ग त्याचं नाव. दक्षिण स्वीडनच्या काल्मार गावातला रसायनतज्ज्ञ, काम शेतीच्या मातीचं. १९११ साली त्याने दाखवलं की चिकण मातीत पाणी वाढवत नेलं तर ती ठरावीक टप्प्यांवर रूप बदलते. आधी फुटते, मग वळते, शेवटी वाहते. माती फुटणं थांबून वळायला लागते ती ओल त्याने हातानेच ओळखली. मातीची बारीक वळी करायची. आजही सगळ्या मातीच्या प्रयोगशाळांत हीच परीक्षा होते. वळी साधारण ३ मिलिमीटर जाडीला आली की तुटू लागली, तर ती त्या मातीची वळण्याची सीमा. इंजिनिअर लोक तिला प्लास्टिक लिमिट म्हणतात. आपला नांगरटीचा वाफसा या सीमेच्या थोडासा अलीकडे, म्हणजे कोरड्या बाजूला असतो. वडिलांचा लाडू अंगठ्याने फुटला, वळला नाही. म्हणजे परीक्षा बरोबर होती.

आटरबर्गचं हे काम शेतीसाठी होतं. ते उचललं मात्र धरणं आणि रस्ते बांधणाऱ्यांनी.

धरणवाल्याचा हातोडा

१९२८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळचं सेंट फ्रान्सिस धरण मध्यरात्री फुटलं. चारशेहून जास्त माणसं गेली. ते धरण काँक्रीटचं होतं. त्याच्याऐवजी पाणी साठवायला शहराच्या पाणीखात्याने बुके कॅनियन इथं मातीचे बांध घालायचं ठरवलं. आता मातीचा बांध म्हणजे माती ठोकून इतकी घट्ट करायची की पाणी झिरपता कामा नये. त्या खात्यातला राल्फ प्रॉक्टर नावाचा इंजिनिअर याच्या मागं लागला आणि १९३३ साली त्याने चार लेख लिहून आपली पद्धत छापली.

पद्धत साधी. आज ती अशी करतात: लोखंडी साच्यात माती तीन थरांत भरायची, प्रत्येक थरावर अडीच किलोचा हातोडा ३० सेंटिमीटरवरून २५ वेळा टाकायचा आणि माती किती घट्ट झाली ते मोजायचं. मग तीच माती थोडी जास्त ओली करून परत तेच. त्याला दिसलं ते असं. कोरडी माती ठोकून फारशी घट्ट होत नाही. ओल वाढवत नेली की घट्टपणा वाढतो, एका ठिकाणी कळस गाठतो आणि त्यापुढे ओल वाढवली तर परत कमी होतो.

बेसनाचे लाडू वळणाऱ्या कुणालाही हे समजेल. तूप कमी पडलं तर लाडू फुटतो. बेताचं असलं तर घट्ट वळतो. जास्त झालं तर वळल्या वळल्या बसतो. मातीचंही तसंच. कोरड्या मातीचे कण एकमेकांत अडकून बसतात, हलत नाहीत. बेताची ओल असली की पाण्याच्या पातळ पापुद्र्यावरून कण घसरतात आणि मधल्या हवेची जागा बळकावतात. ओल फार झाली की पोकळ्या पाण्यानेच भरतात. पाणी काही दबत नाही. मग माती दबण्याऐवजी बाजूला सरकते, चाक रुततं, चिखल होतो, मातीची घडण मोडते.

आता यातली मेख बघा. प्रॉक्टरला बांधासाठी जी ओल हवी होती, ती आपल्याला चाकाखाली नको असलेली ओल आहे. आणि ती बहुतेक मातीत वळण्याच्या सीमेच्या आसपास, थोडी अलीकडेच येते. म्हणजे कुठं? जवळपास आपल्या वाफशावरच! नांगराला जी ओल सगळ्यात चांगली, तीच ओल भरलेल्या ट्रॉलीखाली जमीन दाबायलाही चांगली. चाक रुतलं नाही म्हणून आम्ही खूश झालो होतो. रुतलं असतं तर निदान थांबलो तरी असतो.

गोष्ट इथं संपत नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानं जड झाली. जुन्या हिशोबाने ठोकलेल्या धावपट्ट्या पुरेनात. अमेरिकी सैन्याच्या इंजिनिअरांनी प्रॉक्टरचा हातोडा बदलला. साडेचार किलोचा केला, ४५ सेंटिमीटरवरून टाकला, तीनऐवजी पाच थर घेतले. मातीला पडणारा मार सुमारे साडेचार पट झाला. तेव्हा दिसलं की माती जास्त घट्ट तर होतेच, शिवाय कळसाची ओल खाली येते. म्हणजे मार वाढला की तीच माती आणखी कोरडी असतानाही दबते.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर वजन वाढलं की वाफसा बदलतो. हलक्या गाडीला जी ओल चालत होती, ती जड गाडीला चालत नाही.

दाब किती खोल जातो

पुढचा तुकडा जर्मनीतला. युद्धानंतर तिथं घोडे जाऊन ट्रॅक्टर आले. वाल्टर झ्योने या संशोधकाने ट्रॅक्टरच्या टायरखाली दाब मातीत कसा पसरतो याचा हिशोब मांडून १९५३ साली छापला. त्याची दोन उत्तरं आजही प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने पाठ करावीत अशी आहेत.

एक, वरच्या थराचं नुकसान टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतं, पण खोलचं नुकसान एकूण वजनावर. रुंद टायर लावले, हवा कमी केली तर वरची वीतभर माती वाचेल. दीड-दोन फुटांवर मात्र वजन पोचायचं ते पोचतंच.

दोन, ओल्या जमिनीत दाब जास्त सरळ खाली उतरतो. कोरडी घट्ट जमीन वजन आजूबाजूला वाटून घेते. झ्योनेने यासाठी एक आकडा वापरला: कोरड्या घट्ट जमिनीला ४, मध्यम ओलीला ५, ओल्या मऊ जमिनीला ६. आकडा मोठा तितका दाब चाकाखाली गोळा होऊन खोल जाणार.

आमच्या तुकड्यात काय झालं ते इथं मला पहिल्यांदा कळलं. पाचव्या दिवशी वरची माती वाफशावर होती. दीड फुटावर अजून गच्च ओल होती. वडिलांची मूठ वरच्या मातीची होती आणि ट्रॉलीचं वजन खालच्या मातीवर पडलं.

जंगलात यंत्र शिरलं

१९६० च्या दशकात स्वीडन-फिनलंडच्या जंगलात ओंडके पाठीवर घेऊन चालणारी यंत्रं आली. त्यांना फॉरवर्डर म्हणतात. सुरुवातीची शेतीच्या ट्रॅक्टरवरूनच घडवलेली होती. १९८० च्या दशकात झाड धरून, कापून, सोलून, तुकडे करणारे हार्वेस्टर पसरले. यंत्रं वाढत गेली. आज मोठ्या फॉरवर्डरचं भरलेलं वजन ३० टनांच्या पुढे जातं. आणि कारखान्याला लाकूड बारमाही हवं, म्हणून तोडही बारमाही झाली. हिवाळ्याची वाट बघणं संपलं.

मग जमिनीचे हिशोब यायला लागले. पहिला हिशोब असा की नुकसानाचा मोठा वाटा पहिल्या काही फेऱ्यांतच होतो. 'एकदाच तर जायचंय' या म्हणण्याला अर्थ नाही. दुसरा हिशोब काळाचा. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात ओंडके ओढलेल्या जुन्या वाटा तपासल्या, तेव्हा तोडीला २३ वर्षं झाली होती. ग्रॅनाइटपासून झालेल्या मातीचा वरचा दोन इंच थर सोडला, तर बाकी कुठंच माती मूळपदावर आली नव्हती. यावर शेतकरी म्हणायचे की थंडीत जमीन गोठते, फुगते, आपोआप मोकळी होते. तेही तपासून झालं. फिनलंडमध्ये चिकण मातीच्या शेतावर १९८१ साली मुद्दाम जड गाडी फिरवली होती. सुमारे तीन दशकांनी खालचा थर काढून पाहिला, तर दाबाची खूण अजून तिथं होती.

सगळ्या जमिनी सारख्या वागत नाहीत हेही सांगितलं पाहिजे. अमेरिकेच्या वनखात्याने १९८९ पासून देशभर लांब मुदतीच्या चाचण्या लावल्या. त्यात चिकण जमिनीवर झाडांची वाढ घटली, पण वाळूच्या जमिनीवर थोडं दबल्याने उलट फायदा दिसला, कारण भरभर निचरणाऱ्या मातीत पाणी टिकायला लागलं. ज्यांची जमीन पोयट्याची वाळसर आहे, त्यांनी माझी गोष्ट जशीच्या तशी घेऊ नये. काळीवाल्यांनी मात्र घ्यावी.

वादळ आणि मुदत

जंगलवाल्यांची खरी परीक्षा २००५ च्या ८-९ जानेवारीला झाली. गुड्रुन नावाचं वादळ दक्षिण स्वीडनवरून गेलं. आटरबर्गचं काल्मार याच भागात. एका रात्रीत सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं झालं. जवळपास साऱ्या देशाच्या एका वर्षाच्या तोडीइतकं. हिवाळा उबदार होता, जमीन गोठलेली नव्हती, पावसाने भिजलेली होती.

आणि मुदत होती. पडलेल्या स्प्रूसच्या झाडात उन्हाळ्याच्या तोंडाला साल पोखरणारा भुंगा शिरतो, तिथं वाढतो आणि मग उभ्या झाडांवर जातो. लाकूड काढलं नाही तर उरलेलं जंगल धोक्यात, काढायला जावं तर जमीन ओली. हे वाचताना मला आमचा मुकादम आठवला. तुटलेला ऊस सरीत वाळतोय, टोळी निघालीय आणि खाली ओल आहे. दोन्हीकडे माणूस मूर्ख नव्हता. त्याच्यापुढे दोन नुकसानं होती आणि त्यातलं एकच डोळ्यांना दिसत होतं.

जंगलवाल्यांनी यातून जे शिकून घेतलं, त्यात मला तीन गोष्टी आपल्या कामाच्या वाटल्या. पहिली, यंत्राची वाट कायमची ठरवायची. जर्मनीत अशा वाटा २० किंवा ४० मीटरवर आखतात आणि यंत्राने वाट सोडून आत शिरायचं नाही. चार मीटर रुंदीची वाट दर २० मीटरवर धरली तर जमिनीचा पाचवा हिस्सा कायमचा गेला. पण चार हिस्से वाचले. दुसरी, तोडलेल्या झाडांच्या फांद्या आणि शेंडे वाटेवर अंथरायचे आणि त्यावरून यंत्र चालवायचं. तिसरी, ओलीचा नकाशा आधी बघायचा. स्वीडनमध्ये विमानातून लेसरने जमिनीचे उंचसखलपण मोजून कुठं पाणी मुरून राहतं याचे नकाशे केलेत. चालक ते बघून वाट ठरवतो.

मग आपण काय करायचं

काळ्या जमिनीला एक देणगी आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि स्वतःला मोकळी करते. पण त्यासाठी ती खोलवर वाळावी लागते. लावण, खोडवा, निडवा असं तीन-तीन वर्षं पाणी चालू असलेल्या उसाच्या रानात दोन फुटांवरची माती वाळते कधी? देणगी आहे, पण आपण ती वापरूच देत नाही.

मी आता असं करतोय. कुणाला सोयीचं वाटलं तर बघा.

वाफसा दोन ठिकाणी बघतो. एक मूठ वरची आणि एक मूठ दीड फुटावरची. पहारीने भोक पाडायला पाच मिनिटं लागतात. खालच्या मातीची वळी होत असेल तर भरलेली ट्रॉली आत नाही. नांगर घालायचा असेल तर गोष्ट वेगळी. नांगराचा वाफसा आणि ट्रॉलीचा वाफसा हे दोन वेगळे वाफसे आहेत, असं मी आता धरून चालतो.

ट्रॉलीची वाट एकच. ती रानाच्या उंच बाजूने काढलीय. त्या वाटेवरचा ऊस बुटका राहणार हे मान्य करून टाकलंय. जवळच्या सऱ्यांतल्या मोळ्या डोक्यावरून वाटेपर्यंत आणायला टोळी थोडे जास्त पैसे मागते, मी देतो.

तोडीच्या वेळी ओल असेल तर त्या वाटेवर पाचट जाड अंथरतो. जाळत तर नाहीच. आणि ट्रॉली आत अर्धीच भरायची, उरलेली रस्त्यावर. चालकाची कटकट ऐकून घ्यायची.

सबसॉयलरबद्दल एक. गेल्या मे महिन्यात खोडवा मोडल्यावर त्या पट्ट्यांत मारला. खालची माती वाळलेली होती म्हणून फरशी तडकली. खाली ओल असताना मारला तर फाळ लोण्यातून सुरी फिरावी तसा जातो, तडा पडत नाही, पैसे मात्र जातात. पट्टे आता कमी झालेत. गेलेले नाहीत.

हे सगळं परवा वडिलांना वाचून दाखवलं. काल्मारच्या आटरबर्गपर्यंत शांत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे माझी मूठ बरोबर होती." मी म्हटलं, "बरोबरच होती दादा. गाडी बदलली होती." थोडा वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, "यंदा तोड कधी आहे?"

यंदाची तारीख अजून आलेली नाही. आली की आधी पहार घेऊन जाणार आहे. तुमच्याकडे काळ्या रानात पावसानंतर किती दिवसांनी ट्रॉली घालता आणि दीड फुटावर तेव्हा काय असतं, हे कुणी खणून बघितलं असेल तर जरूर लिहा. जमिनीचा प्रकार आणि पाण्याची सोयही सांगा, म्हणजे बाकीच्यांना ताडून बघता येईल.